तेवीस मागण्या आणि पंधरा मिनिटे

वाचकाचे पत्र

नाशिकमधल्या साधारण चाळीस लहान सॉफ्टवेअर कंपन्यांची आमची संघटना आहे. कुणाकडे आठ माणसे आहेत, कुणाकडे साठ. पुढच्या महिन्यात उद्योग विभागाच्या अधिकाऱ्यांसोबत बैठक आहे आणि आम्हाला पंधरा मिनिटे मिळणार आहेत. सदस्यांकडून सूचना मागवल्या, तर तेवीस मागण्या जमल्या. आयकरात सवलत, जीएसटी कमी करा, स्वतंत्र आयटी पार्क, मोफत जमीन, स्वस्त वीज, चांगले इंटरनेट, सरकारी कामांत स्थानिक कंपन्यांना प्राधान्य, थकलेली बिले, मुले शिकून पुण्याला जातात त्यावर उपाय, स्थानिकांना ऐंशी टक्के नोकऱ्या असे सगळे त्यात आहे. कार्यवाह म्हणून निवेदन मला लिहायचे आहे. यातले काय ठेवू, काय गाळू आणि कोणत्या क्रमाने मांडू?

उत्तर

तेवीस मागण्यांचे निवेदन नेलेत, तर त्यावर एकच शेरा पडेल, ‘संबंधित विभागांकडे कार्यवाहीस्तव’. मग ते सहा विभागांत फिरत राहील. म्हणून यादीला आधी एक चाळणी लावा. प्रत्येक मागणीपुढे लिहा, हे द्यायला कोणाची सही लागते? ज्या मागणीपुढे राज्यातल्या कोणाचेच नाव लिहिता येत नाही, ती या बैठकीत नेऊ नका.

आयकर केंद्राचा आहे. दूरसंचाराचे परवाने, माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ हेही केंद्राचेच. जीएसटीचे दर केंद्र आणि राज्यांची मिळून असलेली जीएसटी परिषद ठरवते. तिथे राज्याच्या प्रतिनिधीला मत असते, पण त्यासाठी वित्त विभागाला वेगळे पत्र लिहावे लागते. व्यवसाय कर राज्याचा आहे खरा, मात्र राज्यघटनेच्या कलम २७६ मुळे तो माणशी वर्षाला २,५०० रुपयांच्या वर जातच नाही. त्यातून वाचून वाचणार किती? या चार-पाच मागण्या गाळल्या की यादी तिथेच हलकी होते.

जीएसटीबद्दल सदस्यांची समजूत घालणे सोपे नाही, म्हणून थोडे खोलात सांगतो. कारखान्यांना राज्य जीएसटीचा परतावा प्रोत्साहन म्हणून मिळतो, तसा आम्हालाही द्या, अशी मागणी हमखास येते. पण हा परतावा राज्यात विकलेल्या मालावर जमा झालेल्या राज्याच्या वाट्यावर मोजतात. तुमचे ग्राहक बंगळूर, दिल्ली किंवा परदेशात असतील, तर राज्याबाहेरच्या बिलावर राज्य जीएसटीऐवजी एकात्मिक जीएसटी लागतो आणि निर्यात शून्य दराने होते. म्हणजे परतावा मोजायला आधारच उरत नाही. ही मागणी मान्य झाली, तरी तुमच्या बहुतेक सदस्यांच्या हाती काही पडणार नाही.

आता विजेकडे येऊ. आमच्या मते तुमची पहिली मागणी इथे आहे, पण ‘स्वस्त वीज द्या’ या शब्दांत नाही. सवलत आजही आहे. महावितरणच्या दरपत्रकात राज्याच्या आयटी धोरणाखाली नोंदलेल्या घटकांना औद्योगिक दर लागतो. त्याला अट आहे कायम नोंदणी प्रमाणपत्राची. ते हातात नसेल तर व्यापारी दर लागतो, आल्यानंतर औद्योगिक दर सुरू होतो आणि प्रमाणपत्राची मुदत संपली की पुन्हा व्यापारी. वीज शुल्कातही मोठा फरक आहे, व्यापारी ग्राहकाला २१ टक्के आणि औद्योगिक ग्राहकाला ७.५ टक्के.

उदाहरणादाखल हिशेब करून पाहा. महिन्याला ४,००० युनिट वापर, व्यापारी दराने आकार ५०,००० रुपये, औद्योगिक दराने ३४,००० रुपये असे धरू. शुल्क मिळवल्यावर पहिले बिल ६०,५०० होते आणि दुसरे ३६,५५०. महिन्याला २३,९५० रुपये म्हणजे वर्षाला २,८७,४०० रुपयांचा फरक पडतो. हे आकडे मानलेले आहेत. सदस्यांची खरी बिले घेऊन हाच हिशेब चाळीस ओळींत मांडा. बैठकीत इतर कोणत्याही कागदापेक्षा या तक्त्याला जास्त वजन राहील.

तक्ता करताना दिसेल की बऱ्याच सदस्यांनी नोंदणीच केलेली नाही, किंवा अर्ज मध्येच अडकला आहे. याची कारणे ठरलेली असतात. जागा भाड्याची आणि मीटर मालकाच्या नावावर. एकाच मीटरवर खाली दुकान आणि वर कार्यालय. भाडेकरार अकरा महिन्यांचा, त्यामुळे दर नूतनीकरणाला कागद पुन्हा जमवायचे. कंपनीच्या उद्दिष्टपत्रात सॉफ्टवेअरचा उल्लेख मोघम. यातल्या पहिल्या दोन अडचणी सदस्यांनीच सोडवायच्या आहेत. वेगळे मीटर घ्या आणि मालकाचे नाहरकत पत्र भाडेकरारालाच जोडून घ्या. प्रमाणपत्राची मुदत कधी संपते ती तारीख संघटनेच्या वहीत ठेवा आणि तीन महिने आधी आठवण द्या.

जे सरकारने करायचे आहे ते एवढेच, की जिल्हा उद्योग केंद्राने पूर्ण अर्जावर ठरलेल्या दिवसांत प्रमाणपत्र द्यावे, आणि ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली मुदतीसह अधिसूचित असावी. आधी अधिसूचित सेवांची यादी पाहा. सेवा तिथे असेल तर मुदत पाळण्याची मागणी करा, नसेल तर ती यादीत आणण्याची. या कायद्याखाली मुदत चुकली तर अपील करता येते आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. सरकारच्या तिजोरीवर एका रुपयाचाही भार नाही, त्यामुळे वित्त विभागाचा आक्षेप येत नाही. अशी मागणी बैठकीत सगळ्यात आधी मांडावी.

इथे एक गल्लत होते. सवलत प्रमाणपत्राच्या तारखेऐवजी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे सदस्य म्हणतील. ते रास्तच आहे, पण वीजदर मंत्री ठरवत नाहीत. ते महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. दरनिश्चितीची याचिका आली की आयोग हरकती मागवतो आणि जनसुनावणी घेतो. हा मुद्दा तिथे लेखी द्या, वरच्या तक्त्यासह. आयोगाच्या दरापेक्षा स्वस्त वीज राज्य सरकारला स्वतः द्यायची असेल, तर वीज कायदा २००३ च्या कलम ६५ प्रमाणे अनुदानाची रक्कम आगाऊ भरावी लागते. म्हणून ‘सरसकट दोन रुपये कमी करा’ हे ऐकून घेतले जाते आणि तिथेच राहते.

मालमत्ता कराचेही थोडेफार असेच आहे. नोंदणीकृत आयटी घटकांना निवासी दराने कर ही राज्याच्या आयटी धोरणातली जुनी तरतूद आहे, पण आकारणी महापालिका करते आणि तिचे उत्पन्न त्यात घटते. नगरविकास विभागाचे स्पष्ट पत्र नसेल, तर प्रभागातला लिपिक जुनाच दर लावतो. त्या पत्राची मागणी निवेदनात एका ओळीत घाला. मुद्रांक शुल्क जागा विकत घेणाऱ्यांचा प्रश्न आहे. तुमच्यात असे दोन-तीनच सदस्य असतील, तर तो परिशिष्टात टाका.

दुसरी मोठी मागणी सरकारी कामांची आणि त्यांच्या पैशांची. ‘स्थानिकांना प्राधान्य’ असे लिहू नका. त्याला कायदेशीर हरकत येते, आणि पुण्याच्या कंपनीने हाच न्याय तुम्हाला लावला तर तुमचेच नुकसान. अडचण नेमकी कुठे आहे ते लिहा. निविदेत मागच्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल इतके कोटी, असेच काम पूर्वी केल्याचे दाखले आणि मोठी अनामत अशा अटी असतात. अधिकारी त्या जुन्या निविदेवरून उचलतात, कारण अट सैल केली आणि काम फसले, तर लेखापरीक्षणात उत्तर त्यांना द्यावे लागते. ही भीती खरी आहे. म्हणून मागणी अशी करा, की अधिकाऱ्याला लेखी आधार मिळेल. १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आलेली खरेदीची नियमपुस्तिका आहे. तिला पूरक असा निर्णय निघावा, ठराविक रकमेपर्यंतच्या सॉफ्टवेअर कामांत उलाढालीची अट कामाच्या अंदाजित किमतीच्या प्रमाणातच असावी, दोन-तीन लहान कंपन्यांना एकत्र निविदा भरता यावी, आणि मोठी प्रणाली एकाच निविदेत न गुंफता स्वतंत्रपणे तपासता येतील अशा भागांत काढावी.

दाखला हवा असेल तर केरळचा द्या. तिथे केरळ स्टार्टअप मिशनमार्फत सरकारी खाती ठराविक मर्यादेपर्यंत नवउद्यमांकडून थेट खरेदी करू शकतात. आपल्याकडेही महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवड झालेल्यांना १५ लाख रुपयांपर्यंतचे प्रायोगिक कामाचे आदेश दिले गेले आहेत. योजना चांगली आहे, पण प्रयोग यशस्वी झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न राहतो. तेच काम छत्तीस जिल्ह्यांत न्यायचे ठरले की पुन्हा खुली निविदा निघते आणि पुन्हा तीच उलाढालीची अट लागते. ज्या विभागाने प्रयोग यशस्वी ठरवला, त्याला मर्यादित रकमेपर्यंत पुढची खरेदी करण्याची मुभा द्या, ही मागणी नीट मांडली तर पटण्यासारखी आहे. ती मात्र कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभागाकडे जाते. उद्योग विभागाच्या बैठकीत तिची फक्त प्रत द्या.

थकलेल्या बिलांबाबत कायदा तुमच्या बाजूने भक्कम आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी कराराच्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. दाद राज्य सरकारने नेमलेल्या सुविधा परिषदेकडे मागायची. तिने ९० दिवसांत निकाल द्यावा असे कायदा सांगतो, आणि निकालाला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून केंद्राकडे केलेली नोंदणी, मात्र कामाचा आदेश घेण्याआधीची हवी. नंतर केलेल्या नोंदणीवरून वाद निघतो आणि दावा तिथेच अडतो.

तरीही सरकारी खात्याविरुद्ध कोणी जात नाही, कारण पुढचे काम त्याच खात्यातून यायचे असते. म्हणून मागणी संघटनेच्या नावाने करा. सुविधा परिषदेची बैठक दरमहा ठरलेल्या दिवशी व्हावी, प्रलंबित प्रकरणांची संख्या दर तिमाहीला जाहीर व्हावी, आणि राज्याच्या कंपन्यांनी व महामंडळांनी ट्रेड्स या बिलवटणावळ व्यवस्थेवर (खरेदीदाराने मान्य केलेल्या बिलावर बँका मुदतीआधी पैसे देतात ती) लहान पुरवठादारांची बिले स्वीकारावीत. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी केंद्राने बंधनकारक केलेली आहे. नोंदणी करून भागत नाही. बिल तिथे मान्य झाले तरच बँकेकडून पैसे मिळतात.

सदस्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा. सरकारी बिले थकण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे आदेश निघाला तेव्हा निधीच नव्हता. आदेश घेताना प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक व दिनांक आणि लेखाशीर्ष, म्हणजे खर्च अंदाजपत्रकातल्या कोणत्या सदरातून होणार ते, विचारा. निधी राज्याच्या ‘बीम्स’ या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर वितरित झाल्याशिवाय देयक कोषागारात जात नाही. अंदाजपत्रकात तरतूद नसेल तर पुढच्या पुरवणी मागण्यांपर्यंत थांबावे लागते, आणि मार्चअखेर निघून गेली तर नव्या वर्षाच्या वाटपापर्यंत. हे आधी कळले, तर कामाचे टप्पे त्याप्रमाणे पाडता येतात. पहिला टप्पा लहान ठेवा आणि ‘स्वीकृती’ म्हणजे नेमके काय, ते करारात लिहून घ्या. स्वीकृतीची व्याख्या नसली की बिल महिनोन्महिने ‘तपासणीत’ राहते.

आयटी पार्कबद्दल सदस्य नाराज होतील, तरी स्पष्ट लिहितो. ही मागणी वरच्या तिनांत ठेवू नका. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एमआयडीसीने आयटीसाठी बांधलेली इमारत वर्षानुवर्षे रिकामी राहिली, हे तुम्ही जवळून पाहिले आहे. आठ माणसांची कंपनी शहरातली चालती जागा सोडून औद्योगिक वसाहतीत जात नाही, कारण माणसांना रात्री परतायला बस नसते आणि जेवायला ठिकाण नसते. पुण्याजवळच्या हिंजवडीत उलटे झाले. कंपन्या आल्या, पण आयटी पार्क एमआयडीसीचा, गावे ग्रामपंचायतींची आणि रस्ते वेगवेगळ्या यंत्रणांचे, म्हणून कोंडी फोडायची जबाबदारी नक्की कोणाची हेच ठरेना. पार्क मागायचाच असेल तर आधी सदस्यांकडून लेखी घ्या, किती चौरस फूट, किती भाड्याने, किती वर्षांसाठी, कोणत्या महिन्यापासून. वीस कंपन्यांनी सह्या केल्या तर ते निवेदन होईल. पाचच सह्या आल्या, तर शहरातल्या एखाद्या इमारतीचे दोन मजले भाड्याने घेऊन त्यांना धोरणाखाली मान्यता मिळवणे जास्त शहाणपणाचे.

इंटरनेटसाठी राज्याकडून हवी आहे ती रस्ता खोदायची परवानगी, वेळेत. मार्गाधिकाराचे, म्हणजे केबल टाकायला रस्त्याची जागा वापरण्याचे, नियम केंद्राचे असून नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. त्यांत मुदतीत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरण्याची तरतूद आहे. अर्ज ‘गतिशक्ती संचार’ पोर्टलवरून होतात. अडते ते महापालिकेत, रस्ता दुरुस्तीच्या शुल्कावरून आणि पावसाळ्यातल्या खोदाईबंदीवरून. मागणी महापालिका आयुक्तांकडे करा, आणि सदस्यांना दोन वेगवेगळ्या मार्गांनी येणाऱ्या दोन जोडण्या घ्यायला सांगा. दोन कंपन्यांची केबल एकाच चरातून येत असेल, तर एका खोदाईत दोन्ही तुटतात.

मुले पुण्याला जातात, हा आमच्या मते तुमचा सर्वांत खोल प्रश्न आहे आणि त्यावर एका निर्णयाचे औषध नाही. तरी हाताशी असलेले एक साधन फार कमी लहान कंपन्या वापरतात, ते म्हणजे शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसे असतील तर ऐच्छिक. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, मिळतो. लहान कंपनीची अडचण पैशांहून जास्त प्रशिक्षकाची असते. आठ जणांतला एक ज्येष्ठ दोन शिकाऊंमागे लावला, तर काम थांबते. म्हणून मागा की एखाद्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा आयटीआयमध्ये पहिल्या तीन महिन्यांचे मूलभूत प्रशिक्षण सामाईक व्हावे, अभ्यासक्रम संघटनेने द्यावा, संगणककक्ष संध्याकाळी खुला राहावा, आणि उरलेले महिने उमेदवाराने कंपनीत काढावेत. पहिल्या वर्षी तीस जागाच मागा. तीस हा आकडा प्राचार्यांच्या आवाक्यात असतो, तीनशे म्हटले की प्रस्ताव संचालनालयाकडे जातो.

ऐंशी टक्के स्थानिक नोकऱ्यांची मागणी काढून टाका. हरियाणाचा ७५ टक्क्यांचा कायदा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला, आणि कर्नाटकाने जुलै २०२४ मध्ये आणलेले विधेयक उद्योगांच्या विरोधानंतर थांबवले. स्थानिक मुलामुलींना घ्यायचे आहे, तर वरचे तीस शिकाऊ त्याची सुरुवात आहेत.

बैठकीला महिना आहे, तर आजच माहिती अधिकाराचा अर्ज टाका. राज्याच्या नियमांप्रमाणे शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. जिल्हा उद्योग केंद्राला विचारा, मागच्या तीन आर्थिक वर्षांत आयटी धोरणाखाली नोंदणीसाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती प्रलंबित आहेत आणि प्रत्येक मंजूर अर्जाची दाखल तारीख व प्रमाणपत्राची तारीख काय. उत्तराची मुदत ३० दिवस असल्याने ते बैठकीपूर्वी येईलच असे नाही. पण अर्ज गेला की बहुधा आकडे आतच तयार होऊ लागतात, आणि बैठकीत तो विषय ऐनवेळचा राहत नाही.

निवेदन दोन पानांचे असू द्या. पहिल्या पानावर तीनच मागण्या, लोकसेवा हक्काखाली नोंदणी, खरेदीच्या अटी व सुविधा परिषदेच्या बैठका, आणि तीस शिकाऊ. प्रत्येकीखाली चार ओळी लिहा, आज काय होते, कोणत्या नियमात किंवा निर्णयात बदल हवा, सही कोणाची, खर्च किती. खर्च शून्य असेल तर ‘शून्य’ असे लिहा, जागा रिकामी सोडू नका. दुसऱ्या पानावर विजेचा तक्ता, सदस्यांची नावे न घालता. नावे घातली की सदस्य खरे आकडे देत नाहीत. बाकी सगळे परिशिष्टात.

ज्या मागणीला पैसा लागतो तिचे वेळापत्रक वेगळे आहे. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो, पण विभागांचे अंदाज शरद ऋतूतच तयार होऊ लागतात. फेब्रुवारीत दिलेले निवेदन त्या वर्षासाठी उशिराचे असते. शिकाऊंच्या प्रशिक्षणासाठी निधी हवा असेल तर प्रस्ताव सप्टेंबरपर्यंत विभागात पोहोचवा.

बैठकीत पंधरापैकी पाच मिनिटे बोला आणि दहा अधिकाऱ्यांना द्या. बोलणारा एकच असावा. बैठक संपल्यावर दोन दिवसांत तुमच्याकडून पत्र जाऊ द्या, त्यात कोणत्या अधिकाऱ्याने काय करायचे मान्य केले आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढेच असावे. सोबत इतिवृत्ताची मागणी करा. इतिवृत्त आले की पहिल्यांदा पाहा, प्रत्येक मुद्द्यासमोर ‘कार्यवाही’ या रकान्यात पदनाम लिहिले आहे का. ‘सर्व संबंधित’ असे लिहिलेले दिसले, तर त्याच दिवशी फोन करून पदनाम घालून घ्या, कारण पुढचे स्मरणपत्र त्या पदनामालाच पाठवायचे आहे.